पहिली मोटार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘घरात आलेली पहिली मोटार’ या विषयावर गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे अपेक्षेहून अधिक आली आणि बहुतेकांत प्रश्न दोन ओळींचा व आठवण दोन पानांची होती. याबद्दल अर्थातच तक्रार नाही. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९७८ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. पैसे भरल्यानंतर ती हाती येईपर्यंत काही वर्षे गेली. पुढे घरात तिच्यापेक्षा कितीतरी चांगल्या गाड्या आल्या, पण स्वप्नात अजूनही तीच येते. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, गाडी साधारणच होती. तुम्ही तेव्हा लहान होतात, एवढेच.” हे खरे मानावे काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाचे अर्धे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीतील फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. तिच्या आधी याच घराण्यातील मिलेचेंतो आली, जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत; मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे बदलत गेली आणि १९६४ मध्ये डिलाइट आली. हीच डिलाइट सत्तरच्या दशकाच्या मध्यास आधी प्रीमियर प्रेसिडेंट व नंतर पद्मिनी झाली. म्हणजे १९७८ साली आपल्या दारात जी गाडी नवी म्हणून उभी राहिली, तिचा आराखडा तेव्हाच दीड दशकाचा जुना होता. इंजिन १०८९ सीसीचे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, स्टिअरिंग जड आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पसरणीच्या घाटातून उतरताना गाडी गिअरमध्ये न ठेवता नुसत्या ब्रेकवर आणणाऱ्याला वाईला पोहोचेपर्यंत ब्रेकचा करपट वास घ्यावा लागत असे, हे आपल्यालाही आठवत असेल.

मुलाच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग मात्र मला मान्य नाही. वय लहान होते म्हणून गाडी लक्षात राहिली, असे म्हटले तर त्याच वयातला घरातला पहिला पंखा किंवा पहिला प्रेशर कुकर इतका का लक्षात राहत नाही, याचे उत्तर मिळत नाही. मोटारीच्या बाबतीत दोन गोष्टी निराळ्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे वाट पाहणे. त्या काळी देशात मोटारी बनवणारे कारखाने मोजकेच होते : कुर्ल्याला प्रीमियर, बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबेसेडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासला स्टँडर्ड. वर्षाला किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरलेले असे, काही काळ तर विक्रीची किंमतही सरकारच ठरवी. मागणी अफाट आणि पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे पैसे भरून वर्षानुवर्षे थांबणे हाच रिवाज होता. हातात आलेली नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीवाचून विकण्यासही मनाई होती, कारण कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा बाजारात फिरलेल्या गाडीला अधिक भाव येई. अशा परिस्थितीत गाडी घरी येण्याच्या पुष्कळ आधीपासून ती घरात बोलण्यात असे. रंग कोणता घ्यावा, अंगणातला कोणता कोपरा मोकळा करावा, पहिल्या दिवशी जेजुरीला जावे की औंधला, याच्या चर्चा आणि भांडणेसुद्धा आगाऊ झालेली असत. आजची मोटार पंधरवड्यात येते. तिच्याविषयी भांडायला घरच्यांना सवडच मिळत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ती गाडी एकट्या चालकाची नव्हती, तिने घरातल्या प्रत्येकाला काम दिले होते. हिवाळ्यातल्या सकाळी ती सुरू करण्याचा विधी आठवून पाहावा. चोकची घुंडी पूर्ण बाहेर ओढायची, अ‍ॅक्सिलरेटर एकदोनदा दाबून सोडायचा, मगच सेल्फ मारायचा. इंजिनाने घरघर करून दाद दिली की चोक लगेच आत ढकलायचा नाही, तर आवाज ऐकत हळूहळू सोडायचा, कारण लवकर सोडला तर इंजिन बंद पडे आणि उशीर केला तर प्लग ओले होत. एवढे करूनही दाद मिळाली नाही तर वडील बॉनेट उघडत, डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढून पॉइंटवरून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवत, आणि मुले मागे डिकीला हात लावून धक्का मारायच्या तयारीत उभी राहत. शेजारचे काका न बोलावता येत. आई पाण्याचा तांब्या घेऊन रेडिएटरजवळ उभी असे. उन्हाळ्यात खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी थांबली, तर इंजिनाजवळच्या, पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ओले फडके गुंडाळून सगळे कुटुंब रस्त्याकडेला झाडाखाली बसे आणि मग डबे उघडले जात. पुष्कळांच्या आठवणीतल्या घाटातल्या जेवणाचा उगम नळीतली ही वाफ, म्हणजेच ‘व्हेपर लॉक’ आहे.

मुलाला एवढेच सांगावे की गाडी साधारणच होती, पण ती सांभाळण्यात सगळे घर गुंतलेले होते. ते आपल्याला आठवते ते वयामुळे नव्हे.

प्रश्न : आमची पहिली गाडी १९८८ ची पांढरी मारुती ८००. पहिली मारुती पन्नास हजारांच्या आत मिळत असे, असे वडील सांगत. ही अतिशयोक्ती असावी असे मला वाटते. शिवाय घरात त्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकली ती माझी आई, वडील कधीच शिकले नाहीत. हे आमच्याच घरी घडले की सर्वत्र?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांच्या सांगण्यात अतिशयोक्ती नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुतीची किल्ली देण्यात आली, तेव्हा गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आतच होती. नोंदणीसाठी दहा हजार रुपये आगाऊ भरावे लागत आणि अर्जदारांची संख्या लाखावर गेली होती. हरपाल सिंगांनी ती गाडी अखेरपर्यंत वापरली. पुढे ती दुरुस्त करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवण्यात आली आहे. आपली १९८८ ची गाडी मात्र त्या पहिल्या घडणीची नव्हे. १९८६ मध्ये गाडीचा सांगाडा बदलला आणि आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर जी मारुती उभी राहते ती त्यानंतरची. इंजिन तेच राहिले, ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. हे उत्पादन २०१४ च्या सुरुवातीस थांबले.

आईविषयीचा आपला प्रश्न अधिक रंजक आहे. हे केवळ आपल्याच घरी घडलेले नाही. या सदराकडे आलेल्या पत्रांत ‘पद्मिनी बाबांची, मारुती आईची’ अशा अर्थाची वाक्ये वारंवार आली आहेत. त्यामागे समाज बदलत होता हे खरेच, पण त्याबरोबर यंत्राचाही वाटा होता आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मारुतीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे फियाटहून दोन-अडीचशे किलोंनी कमी. क्लच हलका, गिअरचा दांडा खाली हाताशी, पुढची चाके गाडी ओढणारी, लांबी इतकी थोडकी की गल्लीत वळवता यावी. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होत असे आणि धक्का मारायला चार पुरुष गोळा करावे लागत नसत. अँबेसेडर किंवा फियाट चालवणाऱ्या स्त्रिया आधीही होत्याच, परंतु बंद पडलेल्या गाडीभोवती जमणाऱ्या, न मागता सल्ला देणाऱ्या मंडळींना तोंड देण्याची तयारी त्यांना ठेवावी लागे. मारुतीने ती मंडळी रिकामी केली. नागपूरच्या रुंद आणि सपाट रस्त्यांचाही या कामी उपयोग झाला असणार, असे एका घाटाखालच्या माणसाला म्हणावेसे वाटते.

प्रश्न : आमच्या चाळीत खाजगी मोटार कोणाकडेच नव्हती. माझे वडील टॅक्सी चालवत आणि काही वर्षांनी स्वतःच्या नावावर परमिट घेऊन त्यांनी पद्मिनी घेतली. ती काळी-पिवळी होती, पण होती आमचीच. पहिल्या गाडीच्या आठवणींत तिला जागा आहे का? आणि त्या गाड्या शेवटी कशा बंद झाल्या?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : जागा आहेच आणि मानाची आहे. ज्या गाडीने घर चालवले ती पहिली गाडी नसेल, तर पत्रात दसऱ्याला जिच्या बॉनेटवर आपण झेंडूचा हार घातला म्हणता ती कोणाची? उलट, आपल्या पत्रातील एक तपशील मला खाजगी गाड्यांच्या साऱ्या वर्णनांहून सरस वाटला. रविवारी दुपारी वडील मीटर पाडत नसत, त्यावर कापडी पिशवी चढवत आणि मग सगळ्यांना चौपाटीला नेत, असे आपण लिहिले आहे. ज्यांनी तो मीटर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : लोखंडी पेटीसारखा हा यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे आणि त्याचा झेंडा खाली पाडला की भाडे मोजणे सुरू होई. भाडे वाढत गेले, पण मीटरची दातेरी चक्रे तीच राहिली, म्हणून चालकाजवळ एक छापील तक्ता असे आणि मीटरवरचा आकडा त्यात शोधून खरे भाडे सांगितले जाई. चाळीतल्या मुलांना पाढ्यांआधी तो तक्ता पाठ असे. त्या मीटरवर पिशवी चढवणे म्हणजे गाडी आता धंद्याची नाही, घरची आहे, अशी जाहीर सूचनाच होती.

टॅक्सीसाठी मुंबईत पद्मिनीच का, हेही आपण पुढे विचारले आहे. कारखाना कुर्ल्यातच असल्याने सुटे भाग शहरात मुबलक होते. कोणत्याही नाक्यावरचा मेकॅनिक ती डोळे मिटून उघडू शकत असे. डिकी ऐसपैस होती, टपावर कॅरिअर बसत असे आणि पुढची सीट सलग असल्यामुळे नियमात नसलेली एखादी व्यक्ती सामावून घेता येई. पुढे सीएनजी आल्यावर डिकीत सिलिंडर बसला आणि सामान टपावर गेले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेल्या. आपल्या वडिलांची गाडी त्याच्या पुष्कळ आधी मोडीत गेली असेल, तरी तिचा पितळी बिल्ला किंवा भाड्याचा तक्ता घरात कोठे असल्यास जपून ठेवावा. असे तक्ते आता रद्दीतही सापडत नाहीत.

प्रश्न : वडिलांची १९८२ ची पद्मिनी आमच्या अंगणात पडवीखाली दहाबारा वर्षे एकाच जागी उभी आहे. वडील आता नाहीत. भाऊ म्हणतो भंगारात द्यावी, आईला ती हलवलेली चालत नाही. ती पुन्हा चालू होईल का, आणि चालू केली तर रस्त्यावर आणता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या प्रश्नात यंत्र, कायदा आणि घर असे तीन प्रश्न आहेत. त्यातला घरचा प्रश्न आपणच सोडवायचा आहे. पहिल्या दोहोंविषयी जेवढे निश्चित सांगता येते तेवढे सांगतो.

आधी एक ताकीद. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नये. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवल्यास रिंग तुटते आणि जे काम काही हजारांत झाले असते ते इंजिन उघडून बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा तासण्यावर जाते. मेकॅनिकने चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात थोडे पातळ तेल सोडावे, ते दोनतीन दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने, पाना लावून हळूच फिरवून पाहावे. फिरले तर अर्धी लढाई जिंकली. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकी धुवावी, कारण ते आता पेट्रोल राहिलेले नसून चिकट राळ झालेले असते. ब्रेकच्या चाकातील सिलिंडर अडकलेले असणारच, ते आणि होजपाइप नवे घालावेत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर टायर बाद समजावेत. आणखी एक गोष्ट जुन्या मेकॅनिकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९८२ साली घडवलेल्या रबराच्या नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर या पेट्रोलने फुगतात किंवा मऊ पडतात, म्हणून ते सगळे इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचे बसवून घ्यावेत. हा भाग स्वस्त आहे, पण तो टाळल्यास गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा धोका असतो.

कोकणात मात्र खरा शत्रू इंजिन नव्हे, पत्रा असतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून चाळण झालेली असते. पायाखालची मॅटिंग उचलून जमिनीचा पत्रा पाहावा, दारांखालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहाव्यात, बॅटरीच्या खालची जागा आणि जॅक लावायची जागा तपासावी. टोक सहज आत गेले तर टिंकरिंगचे, म्हणजे पत्रा कापून-जोडण्याचे काम मोठे आहे आणि त्याचा खर्च इंजिनाच्या खर्चाहून अधिक येईल. माझे स्पष्ट मत असे की सांगाड्याचा पत्रा गेला असेल तर ही गाडी रस्त्यावर आणण्याचा नाद सोडावा. तिला धुऊन, तेल लावून अंगणातच जपावी. त्यात आईचाही मान राहील.

कायद्याच्या बाजूने : खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाचपाच वर्षांनी नूतनीकृत होते. महाराष्ट्रात केवळ वय झाले म्हणून खाजगी पेट्रोल गाडीला बंदी नाही, दिल्लीच्या नियमांमुळे हा गैरसमज पसरला आहे. तथापि नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून पाच हजार झाले असून वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते दुप्पट करण्यात आले. शिवाय विलंबाचा दंड महिन्याच्या हिशेबाने चढतो आणि राज्याचा पर्यावरण कर निराळा असतो. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओत जाऊन एकूण थकबाकीचा आकडा विचारावा. तो ऐकून पुष्कळांचा निर्णय तेथेच होतो. वडिलांच्या पश्चात गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज असतो. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत अर्ज करावा, असा नियम आहे. ती मुदत उलटली असली तरी इतर वारसांच्या संमतीची कागदपत्रे घेऊन जावे. भावाची सही त्यात लागेल, हे आत्ताच लक्षात घ्यावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते आणि तिच्या नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आपल्या गाडीला ती २०३२ पर्यंत लागू नाही, आणि लागू झाल्यावरही ती रोज बाजारात नेण्यासाठी नसते. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती असते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. सासऱ्यांनी घेतलेल्या स्टँडर्ड हेराल्डविषयी त्यांच्याकडून ऐकून नातवंडांसाठी लिहून ठेवायचे आहे, पण विचारले की “छान होती गं” एवढेच म्हणतात. काय विचारावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : “गाडी आली तेव्हा कसे वाटले?” हा प्रश्न आपण विचारला असणार आणि त्याचे उत्तर “छान” हेच येते. आपल्याकडच्या त्या पिढीला भावना विचारलेल्या आवडत नाहीत, व्यवहार विचारलेला आवडतो. म्हणून पैशांपासून सुरुवात करावी. रक्कम कोठून उभी केली, ऑफिसातून मोटारीसाठी अग्रिम मिळाला होता की दागिना मोडला, सासूबाईंना आधी विचारले होते की गाडीच दाखवली, यावर त्या निश्चित बोलतील आणि एकदा बोलू लागल्या की आपण केवळ लिहून घ्यायचे.

त्यानंतर बसण्याच्या जागा विचाराव्यात. कोण पुढे, कोण मागे, कोणाच्या मांडीवर कोण, सासूबाईंच्या सासूबाई गाडीत बसत का, बसल्या तर डोक्यावरचा पदर खिडकीच्या वाऱ्याने सांभाळताना काय होई. भारतात आलेल्या सुरुवातीच्या हेराल्ड दोन दारांच्या होत्या आणि मागे जायचे तर पुढची सीट वाकवून शिरावे लागे. नऊवारीत हे कसे साधत, हा प्रश्न त्यांना हसवल्याशिवाय राहणार नाही. मद्रासच्या कारखान्याने पुढे खास आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी चार दारांची हेराल्ड काढली, त्यामागे अशीच काही सोय असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपल्याकडची किती दारांची होती, हेही विचारावे, कारण त्यावरून गाडी केव्हाची हे ठरवायला मदत होते. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट अख्खेच्या अख्खे पुढे उलटत असे आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडे. घरातील लहान मुले टायरवर बसून ते पाहत. त्या मुलांपैकी जे कोणी आज साठीत असतील त्यांना फोन करून शेजारी बसवावे, कारण दोन माणसांची आठवण जुळली नाही की खरा तपशील बाहेर येतो.

फोटो असल्यास तो शेवटी दाखवावा. आधी दाखवला तर बोलणे फोटोतल्या साड्यांवर आणि माणसांवर जाते आणि गाडी मागे पडते.

प्रश्न : वडिलांनी १९९० च्या आसपास विकलेल्या आमच्या फियाटचा क्रमांक मला पाठ आहे. ती आज कोठे आहे हे शोधता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कठीण आहे, अशक्य नाही. आपला क्रमांक तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा असणार, कारण ‘एमएच’ने सुरू होणारी आजची पद्धत १९८९ च्या सुमारास आली. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांची नोंद आरटीओच्या जाड हस्तलिखित वह्यांत होती आणि त्यातील जेवढ्या ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढवल्या तेवढ्याच संगणकावर दिसतात. परिवहन मंत्रालयाच्या अ‍ॅपवर क्रमांक घालून पाहावा. नोंद असली तर गाडीचा प्रकार, इंधन आणि नोंदणीची वैधता दिसेल, मालकाचे नाव मात्र गोपनीयतेसाठी झाकलेले असेल आणि ते योग्यच आहे. काहीच न दिसल्यास वडिलांच्या कागदांत विक्रीच्या वेळचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज किंवा विम्याची जुनी पॉलिसी शोधावी. त्यावरील चासी आणि इंजिनचा क्रमांक हाती लागला तर जुन्या फियाटप्रेमींच्या मेळाव्यांतून चौकशी करता येते. नंबरप्लेट बदललेली असू शकते, चासीचा क्रमांक सहसा बदलत नाही. आणि गाडी सापडली तर आजच्या मालकाच्या दारात अचानक जाऊन उभे राहू नये, आधी पत्र पाठवावे.